बीपीच्या गोळीऐवजी वनौषधींच्या कॅप्सूल: कुणाला अनुभव आहे का?

रानवारा
आईचं वय ६२. ॲम्लोडिपिन चालू आहे, रोज एक. बीपी ताब्यात आहे, पण संध्याकाळ झाली की घोटे सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. त्यामुळे गोळीवरून तिचं मन उडालंय. त्यात मावशीने एक डबी आणून दिली, 'संपूर्ण नैसर्गिक' म्हणून. डबीवर सर्पगंधा, अर्जुन, लसूण, ज्येष्ठमध अशी नावं आहेत. कशाचं किती, ते कुठेच नाही. आई म्हणते, गोळी सोडते आणि हेच घेते. चालेल का? की दोन्ही एकदम घ्यावं? दुसरं काही चांगलं असेल तर सुचवा.

उंडगा
आमचे बाबा लसणाच्या कॅप्सूल घेतात. फरक पडलाय, थोडासा. पण गोळी चालूच आहे हं, त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू केल्यात.

खलबत्ता
औषधांच्या दुकानात उभं राहून जन्म गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्पगंधेने बीपी उतरतं, यात शंका नाही. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यावर लिहिलं, आणि १९५२ मध्ये त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते पुढे कित्येक वर्षं बीपीचं रीतसर औषध म्हणून वापरात होतं. म्हणजे 'नैसर्गिक' म्हणून ती डबी सौम्य आहे असं समजू नका. नाक चोंदणं, नाडी मंदावणं, मन उदास होणं हे तिचे ठाऊक असलेले त्रास आहेत. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर तिच्या वाटेलाही जाऊ नये. गोळीसोबत घेतली तर बीपी गरजेपेक्षा खाली जाऊन चक्कर येऊ शकते. आणि प्रमाणच लिहिलेलं नाही, तर कॅप्सूलमध्ये किती मुळी आहे हे डॉक्टर तरी कसं सांगणार?

खरी गंमत ज्येष्ठमधाची. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी वाढतं. जास्त दिवस घेतलं तर पायावर सूजही येते. बीपीच्या डबीत हे घालणाऱ्याला काय म्हणावं! काकूंची तक्रारच सुजेची आहे ना?

अर्जुनावर अभ्यास झालेत, पण ते जास्त करून हृदयविकाराच्या रुग्णांवर. लसणाने वरचा आकडा थोडाफार उतरतो, मात्र रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर आधी सांगावं लागतं.

साधाभोळा
ॲलोपॅथीच्या गोळ्या एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत. निदान काही दिवस सोडून तर बघा.

खलबत्ता
सोडून बघायला बीपी काही दुखत नाही, म्हणून तर पंचाईत. वाढलेलं कळतच नाही. बीपीच्या काही गोळ्या तर अशा आहेत की अचानक सोडल्या तर बीपी उसळतं, क्लोनिडिन त्यातलीच. मीठ आणि वजन कमी केल्यावर डोस खाली आलेली माणसं पाहिलीत मी. पण तो डॉक्टरांनी आणला, त्यांनी स्वतः नाही.

रानवारा, घोटे सुजणं हा ॲम्लोडिपिनचा नेहमीचा त्रास आहे. त्यावर इलाज डॉक्टरांकडेच आहे: डोस कमी करतात, गोळी बदलतात किंवा टेल्मिसार्टनसारखी जोड देतात. सुजेची इतर कारणंही तपासतील. काकूंनी त्यांना हे सांगितलंय का? बायका सांगत नाहीत, मुकाट्याने गोळी बंद करतात.

रानवारा
नाही सांगितलं! आत्ताच विचारलं तर म्हणाली, 'एवढ्याशासाठी काय जायचं.' उद्या डबीसकट घेऊन जाते. ते कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते आणू का?

खलबत्ता
थांबा जरा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनी अशक्त असेल किंवा टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी सुरू झाली तर ते रक्तात वाढू शकतं. हेही उद्याच विचारा. नेहमीचं मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, साधारण एक सपाट चहाचा चमचा, सगळं धरून.

उंडगा
आणि घरी मोजता की नाही?

रानवारा
मशीन घ्यायचंय. मनगटाचं घेऊ?

उंडगा
दंडाचं घ्या, पट्टा तिच्या दंडाच्या मापाचा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसावं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहायला लागली तर डॉक्टरांना दाखवा. १८०/१२० आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना जीभ अडखळणं असं काही असेल तर मात्र थेट इमर्जन्सी. आणि मोजत असताना तिच्याशी गप्पा मारू नका, बोललं तरी आकडा चढतो.