उद्या ४ वाजता, ए-३०२, नानकटाई

शनिवार

ए-३०२ ओवीची आई, सकाळी १०:१४
नमस्कार सगळ्यांना. उद्या दुपारी ४ वाजता मुलांबरोबर नानकटाई करायचा घाट घातलाय. ओवी सात वर्षांची, धाकटा चार, शिवाय विंगमधली चार पोरं. ओव्हन नाही, साधा मायक्रोवेव्ह आहे. दिवाळीच्या सुट्टीत कढईत केली होती, तर सगळ्या एकमेकींना चिकटून ताटलीएवढी एकच भाकरी झाली. पोरांनी ती मोडून खाल्ली म्हणा. पण चुकलं कुठे?

बी-५०३ सर, १०:१९
साध्या मायक्रोवेव्हचा नाद सोडा. त्यात पदार्थ गरम होतो, खरपूस होत नाही. कन्व्हेक्शनवाला असेल तरच जमेल.

सी-१०१ काकू, १०:२२
तूप पातळ होतं गं तुझं. आणि आता मे महिना, तूप बरणीतच तेल होऊन बसलंय. आज रात्रीच फ्रीजमध्ये ठेव, उद्या रवाळ घट्ट झालेलं घे. १ वाटी तूप, पाऊण ते १ वाटी पिठीसाखर, २ वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, २ चमचे बारीक रवा. वेलची-जायफळ आवडीप्रमाणे. तूपसाखर पांढरी हलकी होईपर्यंत हाताने फेसायची. यात पोरांचा अर्धा तास सहज जातो. मग कोरडं सगळं चाळून घालायचं आणि नुसतं गोळा करायचं, पोळीच्या कणकेसारखं मळत बसायचं नाही. गोळे वळले की ताटलीसकट अर्धा तास फ्रीजमध्ये. हे विसरलीस तर परत भाकरी.

सी-१०१ काकू, १०:२३
दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर.

ए-२०४, १०:३१
काकू, सोडा घालायचा की बेकिंग पावडर? माझ्याकडे इनो आहे, चालेल का?

सी-१०१ काकू, १०:३३
पूर्वी आम्ही चिमूटभर सोडा आणि चमचाभर दही घालायचो. हल्ली मी पाव चमचा बेकिंग पावडर घालते. इनोचं सरांना विचार.

बी-५०३ सर, १०:४०
सोड्याला फुलायला आंबट काहीतरी लागतं, म्हणून ते दही. दोन्ही भेटले की कार्बन डायऑक्साइड निघतो. बेकिंग पावडरमध्ये कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, ते ओल आणि उष्णता मिळाली की कामाला लागतं. इनोत सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड दोन्ही असतात, पण ते ओलं होताच फसफसतं. कुकरमधल्या रव्याच्या केकला ठीक, पीठ कालवलं की लगेच आत. तुम्ही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर त्याचा जीव तिथेच जाईल. आणि सोडा जास्त झाला तर रंग काळपट, चव साबणासारखी.
मुलांना आधी बाटलीत व्हिनेगर, फुग्यात सोडा भरून दाखवा. फुगा बाटलीच्या तोंडावर चढवून उलटा करायचा. साहित्य मी देतो.

सेक्रेटरी, १०:४४
सर्वांना विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या पाणीकपात असल्याने टँकर ५ वाजता येईल. पाणी जपून वापरावे.

सी-१०१ काकू, १०:४६
सेक्रेटरीसाहेब, काल रात्री नवरा-बायकोचे विनोद कोणी पाठवले होते?

सेक्रेटरी, १०:४७
ते चुकून गेले.

बी-१०२ आजोबा, ११:०५
आमच्या लहानपणी सांगलीला घरात नानकटाई भाजत नसत. दिवाळीआधी आई तूप, साखर, रवा, मैदा डब्यात भरून द्यायची आणि आम्ही दोघे भाऊ सायकलवरून भट्टीवर. तिथे गर्दी. कारागीर आपल्याच सामानाचं पीठ करून पत्र्यांवर गोळे मांडायचे आणि पत्र्याच्या कडेला खडूने नंबर घालायचे. आपला पत्रा आत गेला की बाहेर येईपर्यंत तिथून हलायचं नाही हे आमचं काम. हललो तर दुसऱ्याच्या डालड्याच्या नानकटाया आपल्या डब्यात! एकदा भाऊ गोट्या खेळायला गेला आणि तसंच झालं. आईने पहिली तोंडात टाकली आणि सगळं ओळखलं. भावाने त्या दिवाळीत मार खाल्ला आणि डालड्याच्या नानकटायाही.

ए-३०२ ओवीची आई, ११:०९
आजोबा, उद्या चारला तुम्हीच या. पोरांना हे तुमच्या तोंडून ऐकू दे.

ए-४०१ कबीरची आई, ११:१५
ताई, कबीरला काजू-बदाम अजिबात चालत नाहीत. अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात. वरून लावायला काय घेणार आहेस?

ए-३०२ ओवीची आई, ११:१८
बरं झालं सांगितलंस. मग पिस्ते-चारोळी काहीच घरात काढत नाही, टुटीफ्रुटी लावू. तूप-मैद्याचे डबेही बघून घेते. काजू कातरलेला चमचा तसाच डब्यात जायची सवय आहे आमच्या घरी.

डी-२०२ डॉक्टर, ११:३०
छान. पाकिटांवरची बारीक अक्षरंही वाचा, आणि कबीरचं औषध त्याच्याबरोबर खाली पाठवा. तसाही चार वर्षांच्या मुलाच्या हाती अख्खा सुकामेवा नकोच, घशात अडकतो.
आणखी एक. कच्चं पीठ चाटू देऊ नका.

बी-१०२ आजोबा, ११:३४
डॉक्टर, यात अंडं नाही. आम्ही तर भांडं चाटूनच मोठे झालो.

डी-२०२ डॉक्टर, ११:४१
आजोबा, फक्त अंड्याचा प्रश्न नाही. मैदा पांढरा स्वच्छ दिसतो, पण तो कच्चाच असतो. गव्हाबरोबर शेतातून आलेले ई. कोलाय, साल्मोनेला त्यात असू शकतात आणि दळल्याने ते मरत नाहीत. बेसनाच्या लाडवाचं पीठ कढईत खमंग भाजलेलं असतं, ते खुशाल चाटा. याचं नाही. लहान मुलांना जुलाब झाले की पाणी फार लवकर कमी होतं.

सी-१०१ काकू, ११:४३
तूपसाखर फेसून झाली की मैदा पडायच्या आधी एकेक बोट चाटू दे. पोरांचंही समाधान, डॉक्टरांचंही.

डी-२०२ डॉक्टर, ११:४४
काकूंपुढे आम्ही शिकाऊ.

ए-२०४, ११:५२
मी माझ्या दोघींबरोबर केक करते, त्यावरून सांगते. चार वर्षांच्या मुलाला ओट्याशी स्टुलावर उभं करू नकोस. जमिनीवर जुनी चादर पसर, मध्ये परात, भोवती पोरं. धाकट्याला चाळणी दे, तो तासभर हलणार नाही. मोजायचं काम ओवीला, आणि वाटी भरली की सुरीच्या पाठीने सपाट करायला लाव, नाहीतर मैदा दाबून दाबून भरतात आणि नानकटाई दगड होते. गोळे सगळ्यांनी वळायचे. लहानमोठे होणारच, फक्त एका ताटलीत एकाच मापाचे लाव, नाहीतर लहान करपतात आणि मोठे कच्चे. आणि पीठ सांडलं तर ‘अरे अरे’ करायचं नाही, मला हे शिकायला दोन वर्षं लागली.
कढईजवळ मात्र एकही पोर नको.

ए-३०२ ओवीची आई, ११:५८
कढईत मीठ किती घालायचं? की कुकरच घेऊ?

सी-१०१ काकू, १२:०६
जाड बुडाची कढई घे. तळाशी वाटी-दीड वाटी मीठ पसर, वर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम आचेवर १० मिनिटं तापू दे. मग ताटली आत आणि आच अगदी बारीक. १५ मिनिटांनी बघ, २० पर्यंत होतात. कुकर घ्यायचा तर जुना घे. शिट्टी आणि झाकणाची रिंग दोन्ही काढायची, पाणी घालायचं नाही. नवा कुकर असा कोरडा तापवून वाया घालवू नकोस. मीठ गार झालं की बरणीत भरून ठेव, पुढच्या वेळी हेच. आमटीत घालू नकोस मात्र.
काढल्यावर मऊ लागतात, म्हणून परत आत ढकलू नकोस. कडा किंचित लालसर झाल्या की काढायच्या आणि १० मिनिटं हात लावायचा नाही, गार होताना खुसखुशीत होतात.

बी-३०४, १२:१०
आमच्याकडे ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन आहे, पडूनच असतो. १६० वर १० मिनिटं आधी तापवून देतो, एक ताटली इकडे आणा. पण काच फार तापते, मी स्वतः दाराशी उभा राहीन.

डी-२०२ डॉक्टर, १२:१५
कोणाला चटका बसलाच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली पुरी २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको.

सेक्रेटरी, १२:१६
२० मिनिटं? टँकरच्या दिवशी?

डी-२०२ डॉक्टर, १२:१७
हो. त्या दिवशीसुद्धा.

रविवार

ए-३०२ ओवीची आई, संध्याकाळी ७:२०
झाल्या! ३४. चटका कोणालाच नाही. पहिला घाणा खालून करपला, मीठ कमी पसरलं होतं आणि आजोबांची गोष्ट ऐकताना आच बारीक करायची राहिली. काकू, फ्रीजचा उपाय लागू पडला, एकही पसरली नाही. म्हणजे, एक सोडून. धाकट्याने सगळ्या चेंडूंऐवजी एक साप केला आणि तो मोठ्या प्रेमाने फ्रीजबाहेर काढून मांडीवर घेऊन बसला. साप सपाट झाला.
बी-३०४, तुमच्या ओटीजीतल्या सगळ्यात सुरेख. वॉचमनकाकांना डबा दिलाय.

ए-४०१ कबीरची आई, ७:२६
कबीरने पाच खाल्ल्या. वाढदिवसाला दुसऱ्याच्या घरी गेला की ताटलीकडे बघत बसतो बिचारा. आज विचारलंसुद्धा नाही, मी खाऊ का म्हणून. थँक्यू गं.

बी-१०२ आजोबा, ७:३१
करपलेल्या टाकून देऊ नका. माझ्याकडे पाठवा. भट्टीच्या तोंडाशी असलेल्या पत्र्यावर अशाच व्हायच्या.

ए-३०२ ओवीची आई, ७:३८
आजोबा, तुमच्या गोष्टीचा परिणाम ऐका. अदलाबदल होऊ नये म्हणून पोरांनी प्रत्येक गोळ्यावर टूथपिकने आपापल्या घराचा नंबर कोरला. भाजल्यावर अर्धे आकडे भरून आले. एकीवर नुसता ४ दिसतोय आणि त्यावर ए-४०१ आणि ए-२०४ असे दोघांचे हक्क आहेत. माझ्या दारात भांडण चालू आहे.

ए-२०४, ७:४०
आमच्या धाकटीचा ४ उलटा असतो. बघ बरं.

ए-३०२ ओवीची आई, ७:४२
उलटाच आहे. पाठवते खाली.

सेक्रेटरी, ७:५५
टँकर येऊन गेला, टाकी भरली आहे. तसेच ऑफिसच्या टेबलावर कोणाची तरी चाळणी आणि त्यात चार नानकटाया ठेवलेल्या आढळल्या. चाळणी ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी.

सी-१०१ काकू, ७:५७
चाळणी माझी. कडेला सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे. आणि नानकटाया?

सेक्रेटरी, ७:५८
त्यांवर नंबर नव्हता.