कापूस घरातच पडून होता

कोरोनाच्या टाळेबंदीबद्दल 'आधी जीव, पैसा काय नंतरही कमावता येतो' असं म्हणतात, ते पगारदारापुरतं ठीक आहे. कोरडवाहू शेतीत पैसा त्या-त्या महिन्यातच हाती यावा लागतो. टाळेबंदी नकोच होती असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यातून ऑक्सिजनचा बेड गाठायचा म्हणजे थेट शहर गाठावं लागतं, त्यामुळे साथ रोखणं भागच होतं.

पण टाळेबंदीच्या या चर्चेत कापसाचं कुणी बोलत नाही. मार्च २०२० च्या शेवटी सीसीआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाची, हमीभावानं होणारी खरेदी थांबली तेव्हा गावात कितीतरी घरी कापूस पडून होता. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, आणि वरून आदेश की घरातच राहा, अंतर ठेवा. उन्हाळ्यात त्या कापसानं लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, हे कापूसवाल्या घराला सांगावं लागत नाही. म्हणजे कापूस विकला जाणं हासुद्धा आरोग्याचाच प्रश्न होता. पुढे खरेदी सुरू झाली ती नोंदणी, टोकन आणि दिवसाला मोजक्याच गाड्या अशी. मृग तोंडावर, बियाण्याला पैसा नाही. मग लांब धाग्याच्या कापसाचा त्यावेळचा हमीभाव ५,५५० रुपये क्विंटल असूनही अनेकांनी खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या खाजगी व्यापाऱ्याला, पडेल भावात माल दिला. ही खरेदी जिथे होते त्या जिनिंग कारखान्यांची आवारं चांगली मोकळी असतात. गाड्या कमी करण्याऐवजी खरेदी केंद्रं आणि कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर वाढवले असते, तर गर्दीही टळली असती आणि चुकारा, म्हणजे मालाचा पैसा, पेरणीआधी हातात पडला असता.