नाव पुरस्काराचं, ओझं विजेत्याचं

शाईचा डाग (धागाकर्ता)

२०११ साली नेडी ओकोराफोर या लेखिकेला अद्भुतकथांसाठी दिला जाणारा वर्ल्ड फॅन्टसी पुरस्कार मिळाला. आईवडील नायजेरियातून अमेरिकेत आलेले, स्वतः कृष्णवर्णीय. १९७५ पासून या पुरस्काराचं स्मृतिचिन्ह म्हणजे भयकथांचा बादशहा एच. पी. लव्हक्राफ्ट याचं शिर. पुरस्कार घरी आला आणि मग कुणीतरी तिला लव्हक्राफ्टची १९१२ सालची एक कविता दाखवली. कृष्णवर्णीय म्हणजे पशू आणि माणूस यांच्या मधला कसलासा जीव, असा त्या कवितेचा मतलब. आता ते शिर ठेवायचं कुठे? लिहायच्या टेबलावर?

तिने हे सगळं उघडपणे लिहिलं. आदल्या वर्षी हाच पुरस्कार मिळालेला लेखक चायना मिएव्हिल म्हणाला, माझ्याकडचा पुतळा मी भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. २०१५ मध्ये आयोजकांनी पुतळा बदलायचं जाहीर केलं. आता झाड आणि चंद्र असं स्मृतिचिन्ह देतात.

पुस्तक वाचायचं की नाही, हे वाचक ठरवतो. आवडलं नाही तर मिटून ठेवतो. पुरस्काराचं नाव (किंवा त्यावरचा चेहरा) विजेत्याला निवडता येत नाही, आणि ते त्याच्या परिचयात जन्मभराचं चिकटतं. ज्याने आपल्याला माणसात धरलं नसतं, त्यालाच मिरवत फिरायचं? माझं मत: पुस्तकं राहू द्या, छापा, शिकवा. पुरस्कारावरून नाव काढा.

बोला.

जुना वाचक

साफ असहमत.

लव्हक्राफ्टचं उदाहरण सोपं आहे म्हणून तुम्ही ते घेतलंत. अवघड घ्या. लॉरा इंगल्स वाइल्डर. बालसाहित्यातल्या दीर्घ कामगिरीसाठी अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने तिच्या नावाचा पुरस्कार ठेवला आणि १९५४ मध्ये पहिला तिलाच दिला. २०१८ मध्ये नाव काढलं, कारण तिच्या पुस्तकांत मूळ अमेरिकी आणि कृष्णवर्णीय लोकांबद्दल जे येतं ते आज वाचवत नाही.

आता पुढचं ऐका. १९३५ च्या तिच्या एका पुस्तकात, त्या प्रदेशात माणसं नव्हती, फक्त इंडियन (म्हणजे मूळ अमेरिकी) होते, अशा अर्थाचं वाक्य होतं. १९५२ मध्ये एका वाचकाने प्रकाशकाकडे तक्रार केली. वाइल्डरने चूक कबूल केली आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसं’ काढून ‘वसाहतकार’ केलं. ऐंशी पार केलेली बाई, कुणी सांगितलं तर ऐकते, दुरुस्त करते. आणखी काय करायला हवं होतं तिने? मेल्यावर साठ वर्षांनी उठून पुन्हा माफी मागायची?

ओल्याबरोबर सुकं जळतं ते असं.

उंबरठा

जुना वाचक, १९५३ चा किस्सा माहीत नव्हता, आभार. पण तो तुमच्या विरोधात जातो असं नाही वाटत? ते वाक्य १९३५ मध्ये छापलं गेलं. लेखिका, संपादक, प्रकाशक, शिक्षक, कुणाच्याही डोळ्याला ते सतरा वर्षं खुपलं नाही. आणि एक शब्द बदलला तरी बाकीचं पुस्तक तेच राहिलं.

शिवाय तिला शिक्षा दिली, हे गृहीतक कुठून आलं? नाव काढताना त्या संघटनेने स्पष्ट सांगितलं होतं की पुस्तकं वाचू नका असं आमचं म्हणणं नाही. पुरस्काराचं नाव हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. कुणीतरी कधीतरी दिलेला मान आहे. दिला तसा थांबवताही येतो. मूळ अमेरिकी घरातल्या लेखकाला बालसाहित्यासाठी तो पुरस्कार द्यायची वेळ आली असती तर त्याने मंचावर काय बोलायचं होतं?

खोडरबर

दोन्ही बाजूंना एकच विचारतो. नाव बदलून संस्थेला काय किंमत पडते? काही नाही. नवीन पाटी रंगवायचा खर्च.

जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल. विज्ञानकथांचा दबदबा असलेला संपादक, १९३७ पासून १९७१ मध्ये मरेपर्यंत एकाच मासिकाच्या गादीवर. गुलामगिरीची तरफदारी करणारे संपादकीय लेख लिहिले. सॅम्युअल डिलेनी या कृष्णवर्णीय विज्ञानकथा लेखकाने सांगितलंय की त्याची कादंबरी कॅम्पबेलने परत पाठवली, कारण वाचकांना कृष्णवर्णीय नायक चालणार नाही. हे सगळं वर्षानुवर्षं माहीत होतं. तरी नवोदित लेखकाचा पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जात होता. ऑगस्ट २०१९ मध्ये डब्लिनला जनेट इंग यांना तो मिळाला आणि त्यांनी मंचावरूनच कॅम्पबेलला फॅसिस्ट म्हटलं. त्याच महिन्यात नाव बदललं!

इतकी वर्षं ज्यावर कुणी हललं नाही, ते काही दिवसांत उरकलं. याला आत्मपरीक्षण म्हणायचं की आग विझवणं? आणि नवीन नाव काय, तर ‘अस्टाउंडिंग’. म्हणजे कॅम्पबेल ज्या मासिकाचा संपादक होता त्याचंच जुनं नाव. धनी गेला, दुकान तेच. मला यात हसावं की रडावं कळत नाही.

शाईचा डाग

@खोडरबर, हसा. पण एक भर घालतो. जनेट इंग यांच्या त्याच भाषणाला २०२० मध्ये ह्युगो हा विज्ञानकथांच्या जगातला मानाचा पुरस्कार मिळाला. आणि त्याच सोहळ्यात सूत्रसंचालक, कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन पुन्हा पुन्हा कॅम्पबेलचं नाव घेत आठवणी सांगत होते. तेव्हा नाव काढल्याने माणूस पुसला जातो, ही भीती तरी नको.

नुसता बघ्या

मग नोबेलचं काय? डायनामाइटवाला माणूस. शांततेचं पारितोषिक त्याच्या नावाने. 🙂

उंबरठा

@नुसता बघ्या, नोबेलने स्वतःच्या मृत्युपत्रात स्वतःच्या पैशांतून पारितोषिकं ठेवली. तिथे नाव देणगीदाराचं आहे. आपण बोलतोय ते इतरांनी आदर म्हणून दिलेल्या नावांबद्दल. आंबा आणि कैरी एकाच झाडाची असली तरी चव वेगळी.

तिरपं उन्ह

इथपर्यंत सगळ्यांनी वर्णद्वेषाचीच उदाहरणं दिली. मला रात्रभर जागं ठेवणारं उदाहरण वेगळं आहे, आणि त्यात माझं मत दोनदा बदललंय.

ॲलिस शेल्डन. ‘जेम्स टिप्ट्री ज्युनियर’ या टोपणनावाने विज्ञानकथा लिहायची. कित्येक वर्षं लोकांना लेखक पुरुषच वाटत होता. टिप्ट्री बाई असेल ही कल्पनाच एका नामांकित लेखकाने छापील प्रस्तावनेत हास्यास्पद ठरवली होती. पुढे बिंग फुटलं तेव्हा भल्याभल्यांची फजिती झाली. १९९१ मध्ये तिच्या नावाने पुरस्कार सुरू झाला, स्त्री आणि पुरुष असणं म्हणजे काय याचा नव्याने विचार करणाऱ्या लेखनासाठी. इतकं चपखल नाव दुसरं सापडलं नसतं.

पण १९८७ मध्ये शेल्डनने आधी नवऱ्याला गोळी घातली आणि मग स्वतःला. नवरा ८४ वर्षांचा, दृष्टी जवळजवळ गेलेली. दोघांचं हे आधीच ठरलेलं होतं, असं बरेच जण मानतात. इतरांचं म्हणणं, त्या रात्री त्याची संमती होती का हे सांगायला तो उरला नाही.

पुरस्कार सुरू करणाऱ्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. २०१९ मध्ये नवं काही उघडकीला आलं नव्हतं. अपंगत्व असलेल्या वाचकांनी फक्त विचारलं: सांभाळणाऱ्या माणसाने आजारी जोडीदाराला मारलं, तर त्याकडे तुम्ही ‘शोकांतिक प्रेमकथा’ म्हणून का बघता? संस्थेने आधी जाहीर केलं की नाव राहील. मग थोड्याच दिवसांत निर्णय फिरवला. आता तो ‘अदरवाइज’ पुरस्कार आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला संस्थेचा राग आला. एका थकलेल्या, खचलेल्या बाईची शेवटची रात्र काढून तिच्या आयुष्यभराच्या कामावर ठेवली, असं वाटलं. माझ्या घरात मी दीर्घ आजारपण जवळून पाहिलंय, सांभाळणाऱ्याचं काय होतं ते माहीत आहे. नंतर लक्षात आलं की मी सगळा वेळ तिच्या जागी उभं राहून विचार करत होतो. त्याच्या जागी एकदाही नाही. नावाने झाकलं जात होतं ते हेच.

तरी आज विचाराल तर ‘बदललं ते बरोबर’ असं छातीठोक म्हणता येत नाही. बदललं ते समजतं, एवढंच.

जुना वाचक

@तिरपं उन्ह, या प्रतिसादासाठी धाग्यावर पुन्हा आलो. मला तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांपाशीच थांबायचंय. असं जिथे आहे तिथे घाई नको, एवढंच माझं सुरुवातीपासूनचं म्हणणं होतं, भाषा जरा जळजळीत झाली.

बर्लिन चित्रपट महोत्सवाचं बघा. १९५१ पासून १९७६ पर्यंत महोत्सवाचा संचालक असलेल्या अल्फ्रेड बाउअरच्या नावाने पारितोषिक होतं. जानेवारी २०२० मध्ये एका जर्मन साप्ताहिकाने छापलं की नाझी काळात चित्रपटांवर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणेत त्याचा वाटा मोठा होता. महोत्सवाने पारितोषिक लगेच स्थगित केलं, पण सोबत इतिहास संशोधकांच्या संस्थेकडे चौकशी दिली. अहवाल आला: वाटा समजत होतो त्याहून जास्तच होता, आणि युद्धानंतर त्याने तो लपवलाही होता. मग नाव कायमचं गेलं. हे मला मान्य आहे. आधी कागद, मग निकाल. (बाउअर कलावंत नव्हे, हे कुणी सांगण्याआधी मीच सांगतो.)

खोडरबर

@जुना वाचक, बाउअरने १९७६ पर्यंत महोत्सव चालवला. कागद तेव्हाही कुठल्या तरी कपाटात होतेच. चौकशीला चव्वेचाळीस वर्षं उशीर, आणि आपण त्याला आदर्श पद्धत म्हणतोय.

माझा उपाय कुणालाच आवडत नाही, तरी मांडतो. कुणाचंही नाव कायमचं द्यायचंच नाही. पंचवीस वर्षांनी मुदत संपते. ठेवायचं असेल तर संस्थेने पुन्हा ठराव करायचा, कारणं लिहायची. म्हणजे नाव गेलं तर बदनामी नाही आणि राहिलं तर ते आळसापोटी राहिलं असं होणार नाही.

शाईचा डाग

मुदतीची कल्पना पटण्यासारखी आहे. अडचण एकच: कुटुंबाने किंवा न्यासाने पैसे देताना ‘नाव कायम राहील’ अशी अट घातली असेल तर? नाव काढलं की रक्कमही गेली. मोठ्या संस्था सोसतील. छोटा पुरस्कार बंदच पडेल, आणि नुकसान नवोदितांचं.

पानगळ

बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते.

मला एक लहानसा पुरस्कार मिळालाय, कवितेसाठी. कुणाच्या नावाचा ते सांगत नाही. ज्यांच्या नावाचा आहे ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी दोन बायकांनी त्यांच्याबद्दल लिहिलं. मला ते खरं वाटतं. संस्थेने त्यावर एक ओळही काढली नाही. मी पत्र पाठवलं, उत्तर नाही.

परिचयात मी फक्त ‘कवितेसाठी पुरस्कार’ आणि साल लिहिते. विचारणारे विचारतात, कुठला? मग मी विषय बदलते. तुम्ही वर नाव राहावं की जावं यावर बोलताय. तिसरी शक्यताही असते: नाव राहतं आणि विजेतेच ते उच्चारायचं टाळतात.

जुना वाचक

पानगळ, परत का नाही केलात? टोचायला विचारत नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

पानगळ

कविता माझ्या होत्या म्हणून. ज्या तीन परीक्षकांनी त्या निवडल्या, त्यांचा यात काय दोष? परत केला असता तर परीक्षकांनी दिलेलं परत गेलं असतं, आणि ज्यांच्या नावाचा पुरस्कार आहे त्यांच्या नावाला धक्काही लागला नसता.

प्रशस्तिपत्र पुस्तकांच्या कपाटात मागच्या रांगेत आहे. फ्रेम केलेलं नाही. मिएव्हिलचं भिंतीकडे तोंड केलेलं शिर वर वाचलं तेव्हा खूप हसले.