दोन्ही उंदरांची गुणसूत्रं ४८, मग जात वेगळी कशावरून?

पेठनाका_लालपरी
नमस्कार. मी एम.एस्सी. प्राणिशास्त्र, शेवटचं वर्ष, सांगली. गुरुवारी सेमिनार आहे आणि चिठ्ठीत निघालाय आफ्रिकेतला पट्टेरी उंदीर, ऱ्हॅब्डोमिस. (मैत्रिणीला हत्ती निघाला. नशीब एकेकाचं.) गवतात राहतो, दिवसाढवळ्या फिरतो, पाठीवर चार काळे पट्टे.

आतापर्यंत कळलं ते असं. १७८४ मध्ये स्पारमनने त्याला नाव दिलं, तेच पुढे ऱ्हॅब्डोमिस प्युमिलिओ झालं. मग कितीतरी वर्षं अख्ख्या दक्षिण आफ्रिकेतली सगळी पिलावळ त्या एकाच जातीत, खाली उपजातींची ही लांबलचक यादी. २००३ मध्ये रामबाऊ, रॉबिन्सन आणि स्टॅनियन यांनी मायटोकाँड्रियाचा डीएनए आणि गुणसूत्रं दोन्ही तपासून दोन जाती सुचवल्या: कोरड्या पश्चिमेकडचा प्युमिलिओ आणि ओलसर पूर्वेकडचा डिलेक्टस. डिलेक्टसच्या पुन्हा दोन उपजाती, एकीची गुणसूत्रं ४६, दुसरीची (तिचं नाव 'चाके') ४८.

आणि प्युमिलिओची? ४८!

सिनिअरकडून आलेल्या नोट्समध्ये लाल शाईने लिहिलंय, "गुणसूत्रांची संख्या हीच जातीची ओळख." तसं धरलं तर दोन ४८ वाले एकत्र यायला हवेत आणि ४६ वाला वेगळा. इथे सगळं उलटं. काल एसटीत आष्टा येईपर्यंत तीनदा तक्ता मांडला, तीनदा खोडला. कृपया "डीएनए बघ" एवढंच सांगून जाऊ नका. डीएनएनेच ठरणार होतं तर गुणसूत्रं मोजलीच कशाला? आम्हाला कांद्याच्या मुळातली १६ मोजताना घाम फुटला होता.

वाईचा_मास्तर
बाळ, ती लाल शाईची ओळ आधी खोड. मीही तीस वर्षं वर्गात जवळपास तेच सांगत होतो, म्हणून थोडं प्रायश्चित्त करतो.

गुणसूत्रांची संख्या म्हणजे सातबाऱ्यांची संख्या. दोन गट एकत्र केले की उतारा एकने कमी होतो, जमीन गुंठाभरही कमी होत नाही. गुणसूत्रांचंही तसंच होऊ शकतं. दोन जोड्या एकमेकींना चिकटल्या की ४८ ची ४६ होतात, आतला मजकूर बहुतेक तोच राहतो.

आता तुझा तक्ता. ४८ हा आकडा प्युमिलिओ आणि डिलेक्टस या दोन्ही फांद्यांत सापडतो. म्हणजे सरळ हिशोबाने तो फांद्या फुटण्याआधीचा, आजोबांकडून आलेला. दोन चुलत घरांत आजोबांचं नाक दिसलं म्हणून ती दोन घरं सख्खी ठरत नाहीत. ४६ हा मागाहून एकाच घरात घडलेला बदल. त्या घरातल्यांना तो ओळखू येतो, बाकीच्यांचं नातं तो सांगत नाही. म्हणून मोठी वाटणी डीएनएवरून आणि डिलेक्टसच्या घरातली आतली वाटणी गुणसूत्रांवरून. दोन्ही कामं लागली, फक्त वेगवेगळ्या मजल्यावर.

चांदोली_भटक्या
मास्तरांना दुजोरा. लांब कशाला जाता, आपल्या शेतातले ते बारके उंदीर घ्या. मुस बुडुगा आणि मुस टेरिकलर, हातात धरले तर सांगता येणार नाही कोण कुठला. दोघांचीही गुणसूत्रं ४०. फरक आकारात. टेरिकलरचं एक्स गुणसूत्र मोठं आणि दोन बाहूंचं असतं, बुडुगाचं जवळपास एकाच बाहूचं. म्हणजे संख्या सारखी, जात वेगळी.

उलटंही आहे. मदेरा बेटावरच्या घरगुती उंदरांत गुणसूत्रं चिकटत चिकटत ४० वरून पार २२ पर्यंत आलीत, तरी त्यांना घरगुती उंदीरच म्हणतात. आणि आपलं भेकर! मादीची ६, नराची ७. चीनच्या भेकराची ४६. कोयनेच्या जंगलात भेकर ओरडलं की मला दर वेळी हेच आठवतं, सोबतचे वैतागतात.

हळदवाला
आमच्या हळदीची ६३. दोनने भागच जात नाही, तीन संच आहेत, म्हणून बी धरत नाही. जेठे गड्डे लावायचे, विषय संपला. चालू द्या.

पेठनाका_लालपरी
हळदवाले काका 😄 सातबाऱ्याचं सेमिनारमध्ये वापरू का, मास्तर? अजून एक. अंगावरच्या खुणांचं काय? पट्टे, शेपूट, कान? दोन जाती नुसत्या बघून सांगता येतील का?

वाईचा_मास्तर
वापर, पण परीक्षक मुंबईचे असतील तर आधी सातबारा समजावावा लागेल.

शेपटीवर फार विसंबू नकोस. अंगाच्या मानाने शेपूट किती लांब, हे या उंदरात हवामानाप्रमाणे बदलतं, असं १९७० मध्येच मांडलं गेलंय. मग शेपटीचा फरक नात्यामुळे की हवेमुळे, हे कसं सोडवणार? मापं घ्यायची तर कवटीची, तीही एक नाही, बरीच एकत्र.

चांदोली_भटक्या
पट्ट्यांवर तर बिलकूलच नको. २०१६ मध्ये दिसलं की या उंदराच्या फिकट पट्ट्यांत एएलएक्स-३ नावाचा जनुक जास्त चालतो आणि रंगाच्या पेशी पूर्ण तयार होऊ देत नाही. तेच अमेरिकेतल्या चिपमंकमध्येही, आणि तो तर खारीच्या कुळातला! पट्टे दोघांनी आपापले मिळवले. लेम्निस्कोमिस या दुसऱ्या आफ्रिकी वंशातही पट्टेच पट्टे, पण त्यातल्या रोझालियाला पाठीवर एकच रेघ.

वाईचा_मास्तर
आणि २०१२ मध्ये दोनाच्या चार जाती झाल्या हे विसरू नकोस. प्युमिलिओ, डिलेक्टस, बेचुआनी, इंटरमीडियस. परीक्षक हमखास विचारतील.

एक सुचवतो. तक्त्याआधी नकाशा दाखव. कोरडी पश्चिम, ओली पूर्व. आमच्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरहून म्हसवडला निघालं की पाऊस कसा आटत जातो, तसंच, फक्त दिशा उलटी. कोरड्या भागातले हे उंदीर कुटुंब करून राहतात, ओल्या गवताळ भागातले एकेकटे. हे सांगितलंस तर मागच्या बाकावरचेही मान वर करतील.

पेठनाका_लालपरी
थँक्यू मास्तर, भटक्या दादा. सिनिअरची नोट फाडली नाहीये. मागची बाजू कोरी आहे, तिच्यावरच नकाशा काढतेय.