गच्चीवरचा वाफा नऊ इंचांवरून पाच इंचांवर बसलाय, पालक पिवळा पडतोय. काय करू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात राहतो. गेल्या वर्षी आई गाव सोडून कायमची आमच्याकडे आली. गावी दाराशीच तिची परसबाग होती, शेपू-मेथी कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. इथे मंडईतून आणलेली जुडी उलटीपालटी करून बघते आणि गुपचूप निवडायला बसते. ते बघवेना, म्हणून जूनमध्ये गच्चीवर तिच्यासाठी वाफा केला.

8 बाय 3 फुटांचा आहे. विटांचे तीन थर नुसते रचलेत, सिमेंट नाही, त्यामुळे उंची नऊ इंच. याहून उंच करायची सोय नव्हती. ओळखीच्या इंजिनिअरने सांगितलं की ओली माती नऊ इंच भरली तर चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या वर वजन जातं आणि गच्चीचा स्लॅब साधारण दीडशे किलो धरून बांधतात. म्हणून माती अगदी थोडी घेतली. बाकी रसवंतीवरून आणलेलं उसाचं चिपाड, सोसायटीतला पालापाचोळा आणि दोन पोती शेणखत. वाफाही कठड्याला लागून, खाली बीम आहे तिथेच ठेवला.

पावसाळ्यात लाल माठ आणि अंबाडी जोरात आली. आईने पहिल्या अंबाडीची भाजी केली आणि शेजारच्या तीन घरांत वाटून आली. तेव्हा वाटलं, जमलं!

गणपतीनंतर पालक, मुळा आणि मेथी पेरली आणि गाडी अडली. पालकाची खालची पानं आधी पिवळी पडतात, मग वरची फिकटतात. मेथी दोन पानांवर असतानाच बुडाशी काळी पडून आडवी झाली, ती पाणी जास्त झाल्यामुळे असावी. मुळा काल उपटून पाहिला. बोटाएवढा जाड, आणि तळाच्या जाळीला टेकल्यावर काटकोनात वळलेला. मग पट्टी लावली तर आत भर जेमतेम पाच इंच उरलीय! कडेला उकरलं तर चिपाड अजून अर्धवट कुजलेलं, त्याचे धागे हाताला लागतात.

माझा अंदाज असा की कच्चं चिपाड कुजताना तिथलं नत्र जिवाणूच वापरतात आणि पालकाला उरत नाही. दर आठ दिवसांनी जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) घालतोय, फरक दिसत नाही. नर्सरीवाल्याने युरिया टाकायला सांगितलं, पण आई ऐकायला तयार नाही आणि मलाही पटत नाही. दहा दिवसांत ओरबाडून खायची पालेभाजी आहे ही.

आता ज्यांनी उथळ वाफे दोन-तीन वर्षं चालवलेत त्यांनी कृपया सांगा. वरून चार इंच नवी भर घालू की सगळं उपसून पुन्हा मिसळू? उपसलं तर गांडुळं मरतील अशी भीती वाटते, पोरानेच आणून सोडलीत ती. वरून भरायचं तर पूर्ण कुजलेलं खत आणि माती किती-किती घेऊ, म्हणजे वजनही आवाक्यात राहील आणि दर तीन महिन्यांनी वाफा खाली बसणार नाही? 24 चौरस फुटांना निंबोळी पेंड किती पुरते?

दुसरं म्हणजे आईला टोमॅटो आणि वांगी हवीत. माझ्या मते नऊ इंचांत त्यांची मुळं गुदमरतील आणि उन्हाळ्यात एवढी कमी भर दुपारपर्यंत कोरडी पडेल. त्यासाठी वेगळे ड्रम घ्यावेत का? की कुणी वाफ्यातच नीट पीक घेतलंय? घेतलं असेल तर पाणी दिवसातून किती वेळा आणि आच्छादन कशाचं, तेही लिहा.

जरा लवकर कळवलंत तर बरं होईल. आईने धणे रगडून ठेवलेत, रविवारी पेरायचेत.