शब्दचर्चा: अवक्षेप की साका?

चंचुपात्र: मुलीच्या दहावीच्या पुस्तकात 'अवक्षेप' वाचला. आमचे सर सरळ 'साका' म्हणायचे. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की 'पांढरा साका बसला, लिहा क्लोराइड'. घरातला शब्द असताना हा जड संस्कृत शब्द कशाला?

नरसाळे: कारण दोन्ही एक नव्हेत. साका म्हणजे पाण्यात आधीच असलेलं काहीतरी तळाशी बसतं ते. घागरीत बसतो, औषधाच्या बाटलीत बसतो. अवक्षेपात दोन स्वच्छ द्रावणं एकत्र येतात आणि आधी नसलेला, न विरघळणारा पदार्थ तयार होतो. फेरिक क्लोराइडमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड घाला. तांबूस-तपकिरी, लिबलिबीत पदार्थ दिसेल, पण तो बराच वेळ तळ गाठत नाही. त्याला साका कसं म्हणणार?

चंचुपात्र: अहो, पण अव म्हणजे खाली आणि क्षेप म्हणजे टाकणे. म्हणजे तुमचा शब्दही तळाशीच जातो की!

नरसाळे: व्युत्पत्तीने जातो, हे मान्य. वापरात मात्र फरक पडलाय. साका 'बसतो', अवक्षेप 'तयार होतो'. शिवाय अवक्षेपण, अवक्षेपित असे शब्द लागतात. साक्यापासून काय बनवाल?

काचकांडी: मी प्रयोगशाळेत शिकवते. मुलं तळाकडे बघतच नाहीत, रंग बघतात. हायड्रॉक्साइड घातल्यावर मळकट हिरवा आला तर फेरस, निळा आला तर कॉपर. मग विद्राव्यता. बेरिअम क्लोराइडने आलेला पांढरा अवक्षेप विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळला नाही तर सल्फेट. बुडबुडे येऊन विरघळला तर कार्बोनेट. लिहिताना अवक्षेप लिहून घेते. तोंडी विचारताना माझ्याही तोंडी साकाच येतो आणि कुणाचं काही अडत नाही.

मला खरी गंमत वाटते ती 'चुन्याच्या निवळी'ची. चुना पाण्यात कालवून ठेवला की खाली साका (इथे हाच शब्द बरोबर!) आणि वर नितळ पाणी, ती निवळी. पाणी स्वच्छ करायला ज्याचं बी उगाळून घालतात त्या झाडाचं नावही निवळीच. पारिभाषिक शब्द इतका आपला क्वचितच असतो. बाटलीचं बूच मात्र घट्ट हवं, नाहीतर हवेतल्या कार्बन डायॉक्साइडने वर पांढरा पापुद्रा धरतो.

चंचुपात्र: आणि कार्बन डायॉक्साइड सोडला की ती निवळी 'दुधाळ' होते! आमच्याकडे दुधाळ म्हैस असते.

काचकांडी: वर्गात दरवर्षी कुणीतरी हसतंच. 'दुधासारखी पांढरी' लिहिलं तरी मी गुण देते. पण नुसतं दुधाळ झालं म्हणून कार्बन डायॉक्साइड ठरवू नका, सल्फर डायॉक्साइडनेही होतं. तो ओळखायला डायक्रोमेटचा कागद धरावा, नारिंगीचा हिरवा होतो.

नरसाळे: एक भर. कार्बन डायॉक्साइड सोडतच राहिलात तर कॅल्शिअम बायकार्बोनेट होऊन पांढरेपणा जातो. तिथे 'पुन्हा निवळते' असं लिहू नये. निवळणं म्हणजे गढूळपणा खाली बसणं; इथे तो विरघळतो. 'रंगहीन होते' हेही चूक, पांढरेपणा हा काही द्रावणाचा रंग नव्हता. 'पारदर्शक होते' लिहा.

चंचुपात्र: आकाश निवळतं तेव्हा ढग कुठल्या तळाशी बसतात हो?

नरसाळे: बरं, बोलताना निवळू द्या. उत्तरपत्रिकेत पारदर्शक.