मदत हवी आहे: खिद्रापूरचे खांब कोळसा, विजयदुर्गचा जांभा करडा

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. वडिलांचा जुना याशिका मॅट कॅमेरा दुरुस्त करून घेतला, तेव्हापासून कृष्णधवल फिल्मवरच फोटो काढते. १२०चा रोल, म्हणजे बाराच फोटो. एक जरी वाया गेला तरी जिवाला लागतं.

शिलाहार राजांच्या खुणांची एक मालिका करायची आहे: पन्हाळा, खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आणि गगनबावड्याचा घाट उतरून विजयदुर्ग. तो किल्ला पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोज राजानं बांधला असं मानतात. घाटावरचा काळा दगड आणि समुद्राकाठचा जांभा एकाच भिंतीवर शेजारीशेजारी लावायची फार इच्छा आहे. पण दोन्हीकडे अडलंय.

खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात मधल्या गोल शिळेभोवती बारा खांब आहेत आणि वर छताऐवजी आकाशाचं वर्तुळ. प्रिंटमध्ये ते वर्तुळ कोरं पांढरं येतं आणि खांब नुसता कोळसा. कातल्यासारखे गुळगुळीत वळे, त्यांच्या कडेवर सरकणारी उजेडाची बारीक रेघ, त्यातलं काहीच उतरत नाही.

विजयदुर्गला उलटंच. डोळ्यांना तट तांबडा, पाणी निळं. फोटोत दोन्ही एकाच करड्या छटेचे. तट कुठं संपला आणि समुद्र कुठं लागला, कळत नाही. म्हणून नारिंगी फिल्टर लावला, तर निगेटिव्ह इतक्या फिक्या आल्या की प्रिंटच निघेना.

फिल्म इलफर्ड एचपी५, ४०० आयएसओवर. उजेड मोजायचं मीटर मोबाइलमधलं. डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशांना ११ मिनिटं. नक्की कुठं चुकतंय?

प्रतिसाद:
ताई, फिल्टर बरोबरच निवडलात. नारिंगी काच निळा उजेड अडवते आणि तांबडा सोडते, त्यामुळे जांभा उजळतो, पाणी-आकाश गडद होतं. फक्त मोबाइलला तुमच्या भिंगावरची काच दिसत नाही. तो सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेड द्या. किंवा फिल्टर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून मोजा, अंदाज तरी येईल.

खिद्रापूरला फिल्टरचा उपयोग नाही, काळ्या दगडाला रंगच कुठं आहे? तिथं आकाश मोजूच नका. खांबाच्या सावलीतली, जिथं नक्षी दिसायलाच हवी अशी जागा मोजा. मीटर मोजलेली जागा मध्यम करडी धरतं, सावली त्याहून गडद हवी, म्हणून त्या आकड्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या. मग डेव्हलपिंग ११ ऐवजी ९ मिनिटं करून पाहा. सावल्या एक्स्पोजरवर ठरतात, निगेटिव्हवरचा आकाशाचा दाटपणा डेव्हलपिंगच्या वेळेवर. डेव्हलपर मात्र २० अंशांवरच ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडचं नळाचं पाणी गरम असतं, डेव्हलपिंगची टाकी बर्फाच्या पाण्यात बसवा.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार! फिल्टरचे दोन स्टॉप मी दिलेच नव्हते. रविवारी पहाटे खिद्रापूरला निघते. सगळा रोल ९ मिनिटांवर धुऊन निगेटिव्ह इथंच दाखवते.